रिकामी चोच



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने भारदस्त विषय निवडावा अशी आपल्याकडे रीत आहे. समाज, इतिहास, भाषा, शासन यांपैकी एखादा. मी आज बोलणार आहे पाळलेल्या काकाकुव्याच्या उपटलेल्या पिसांविषयी. विषय कोणाला किरकोळ वाटेल, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. ज्याला आपली भाषा येत नाही अशा जीवाचे दुःख ओळखायचे कसे, आणि ते ओळखल्यावर आपली जबाबदारी कुठून सुरू होते? माणसाचे मोठेपण अशाच प्रश्नांवर जोखले जाते, असे मी मानतो.

आधी पक्षी डोळ्यांसमोर आणू या. डोक्यावरचा पांढरा तुरा भरगच्च आहे, गालांवरची पिसे मऊ आणि अखंड आहेत, डोळे काळे आणि सावध आहेत. मानेखाली मात्र छाती उघडी पडली आहे. मांड्यांवर राखाडी लव उरली आहे, पंखांच्या पिसांचे नुसते देठ दिसतात आणि पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा सडा पडला आहे. काही पक्षी पिसांवरच थांबत नाहीत. ते कातडी कुरतडतात, छातीच्या हाडावर किंवा पंखाच्या पडद्यावर जखम करतात आणि ती भरत आली की पुन्हा उकरतात. हे पाहून घरातली माणसे घाबरून जातात, आणि पहिला प्रश्न विचारतात तो एकच : हे थांबवायचे कसे? प्रश्न कळवळ्यातून येतो, पण तो एक पायरी गाळून पुढे गेलेला असतो. पक्षी जे करतो ते थांबवण्याआधी तो ते कशाच्या जागी करतो आहे, हे विचारायला हवे. आज मला एवढेच मांडायचे आहे की पिसे उपटणे हा पक्ष्याचा दुर्गुण नव्हे, ती त्याच्या जगण्याची नोंद आहे. तेव्हा मदत म्हणजे चोच बांधणे नव्हे. शरीराचे दुखणे शोधून काढणे आणि चोचीला तिचे काम परत देणे, याला मी मदत म्हणतो.

हा पक्षी मूळचा कुठला, हे आधी पाहू. काकाकुव्यांच्या सुमारे २१ जाती आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि सॉलोमन बेटे हा त्यांचा मुलूख. त्यांचे नावही मलाय भाषेतल्या ‘काकातुआ’ या शब्दावरून आपल्यापर्यंत आले. पूर्ण पांढरा, छत्रीसारखा तुरा उघडणारा जो काकाकुवा घरांत पाळलेला दिसतो, तो इंडोनेशियातल्या उत्तर मालुकूमधला. हाल्माहेरा, तेर्नाते, तिदोरे, बाचान ही त्याची बेटे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंगही मूळची याच बेटांवरची. लवंगेच्या वाटेने पक्षीही जगभर गेले. तेराव्या शतकात इजिप्तच्या सुलतानाने सम्राट दुसरा फ्रेडरिक याला एक काकाकुवा भेट म्हणून पाठवला होता, आणि फ्रेडरिकच्या ससाण्यांविषयीच्या ग्रंथात त्याची चित्रे आहेत. इतक्या शतकांच्या व्यापारानंतरही काकाकुवा कुत्र्यासारखा किंवा कोंबडीसारखा माणसाळलेला प्राणी झालेला नाही, हे मात्र विसरून चालणार नाही. हजारो वर्षांच्या निवडीतून कुत्र्याचा स्वभाव माणसाच्या अंगणात बसेल असा घडत गेला. पिंजऱ्यातला काकाकुवा रानापासून जेमतेम काही पिढ्या दूर आहे. जन्म त्याचा घरात झाला असेल, पण चोच आणि मेंदू दोन्ही रानातलेच आहेत.

त्या चोचीचे आणि मेंदूचे सामर्थ्य आता नोंदले गेले आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांच्या पक्षीगृहातला फिगारो हा गॉफिन जातीचा काकाकुवा लाकडाची कपची सोलून तिची काठी करतो आणि जाळीपलीकडचा काजू ओढून घेतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. सिडनीच्या उपनगरांतले काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची जड झाकणे उघडतात, आणि ही युक्ती एकमेकांकडे पाहून वस्तीगणिक पसरत गेली, हे २०२१मध्ये दाखवले गेले. आयुष्यही दीर्घ. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी हा काकाकुवा २०१६ साली वारला तेव्हा ८३ वर्षांचा होता. हत्यार घडवणारा, शेजाऱ्याकडून शिकणारा, माणसाएवढा जगू शकणारा हा जीव आपण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवतो, आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया दिल्या की त्याचा दिवस भागला असे समजतो. अडचणीचे मूळ इथेच आहे. पण त्या मुळाशी जाण्याआधी एक सावधगिरी बाळगली पाहिजे.

ती सावधगिरी शरीराची. ‘एकटेपणामुळे उपटतो’, ‘राग आला म्हणून उपटतो’ असे निदान घरबसल्या करणे सोपे असते आणि पुष्कळदा घातकही ठरते. यकृताचा आजार, कातडीवरचा जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग, पोटातले परजीवी, गंज चढलेल्या जस्ती जाळीतून पोटात गेलेले जस्त, शिसे, मादीच्या अंडनलिकेतला बिघाड, सांध्याचे दुखणे, यांपैकी कशानेही पक्षी अंग कुरतडू शकतो. आपण दुखरी जागा दाबून धरतो, त्याच्याजवळ ती दाबायला चोचच आहे. केवळ तेलबियांवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि कातडी कोरडी, खाजरी होते. पंख वेडेवाकडे छाटले असतील तर कापलेले देठ सतत बगलेत टोचतात. सिगारेटचा धूर, इतकेच काय, धूम्रपान करणाऱ्याच्या बोटांवरचे निकोटिनही कातडीला त्रास देते. आणि काकाकुव्यांत एक विषाणूजन्य रोग आहे, चोच आणि पिसांचा रोग. तो विसाव्या शतकाच्या सत्तरीत ऑस्ट्रेलियातल्या काकाकुव्यांमध्ये ओळखला गेला. त्यात नवी पिसे वाकडी, आखूड, देठाशी आवळल्यासारखी येतात आणि गळून पडतात.

अशा वेळी निदानाची पहिली खूण पक्ष्याच्या डोक्यावर असते. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. डोके अखंड आणि अंग उघडे असेल, तर पिसे बहुधा त्यानेच उपटली आहेत. डोक्यावरचीही पिसे गेली असतील, तर विषाणू किंवा अन्य रोग असावा, नाहीतर पिंजऱ्यातला दुसरा पक्षी. ही साधी गोष्ट ठाऊक असेल तर महिनोन्महिन्यांची चुकीची वाट टळते. पण अखंड डोके फक्त ‘कोणी’ ते सांगते. ‘का’ हे सांगायला पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य, रक्ततपासणी, विष्ठेची तपासणी, विषाणूची चाचणी आणि गरजेप्रमाणे क्ष-किरण लागतात. उघडी जखम असेल, रक्त येत असेल, तर त्याच तासाला निघायला हवे. पाचशे ते सहाशे ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात सगळे मिळून पन्नास-साठ मिलिलिटर रक्त असते. आपल्याला चमचाभर वाटणारे रक्त त्याच्या दृष्टीने मोठा हिस्सा असतो. घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल, हळदीचा लेप, माणसांची मलमे लावू नयेत. तेलकट पदार्थाने उरलेली पिसे चिकटतात, ऊब धरून ठेवण्याची त्यांची क्षमता जाते आणि चाटलेले मलम पोटात जाते. कडू फवारे मारणेही तसेच. ज्याला आधीच आपले अंग सोसवेना झाले आहे, त्याचे अंग आणखी असह्य करून काय साधणार?

आता समजा, सगळ्या तपासण्या झाल्या आणि शरीरात काही सापडले नाही, किंवा जे सापडले ते बरे झाले तरी चोच थांबली नाही. इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. रानात पोपटवर्गीय पक्ष्यांचे दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात, फोडण्यात, सोलण्यात, कुरतडण्यात जातात. पिंजऱ्यातल्या वाटीत तेच काम तासाभरात किंवा त्याआधीच संपते. उरलेला दिवस चोच करणार काय? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात तरुण ॲमेझॉन पोपटांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही पक्षी साध्या पिंजऱ्यात ठेवले, काहींना अन्न शोधून काढावे लागेल अशी साधने आणि चढण्या-उतरण्याची विविध जागा दिली. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसे महिन्यागणिक बिघडत गेली, दुसऱ्यांची शाबूत राहिली. पुढे पहिल्या गटालाही तीच साधने दिली तेव्हा त्यांची पिसे सुधारू लागली. २००८मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी पिसे उपटणाऱ्या आफ्रिकी करड्या पोपटांना वाटीऐवजी नळ्यांमधून खाणे उकरून काढायला लावले. खाण्यातला वेळ वाढला आणि महिन्याभरात पिसांत फरक दिसला. घरगुती कौतुकाच्या कथा बाजूला ठेवल्या, तरी तुलनेसाठी गट ठेवून केलेली ही निरीक्षणे उरतात.

त्याहून अर्थपूर्ण पुरावा २०२१चा आहे. पन्नास जातींच्या तेराशेहून अधिक पाळीव पोपटवर्गीय पक्ष्यांची माहिती घेऊन संशोधकांनी विचारले, की कोणत्या जाती पिंजऱ्यात अधिक बिघडतात? उत्तर असे निघाले : ज्या जातींना रानात टणक कवचाच्या बिया, कठीण फळे, कठीण आवरणाचे किडे असे खटपटीचे अन्न खावे लागते, त्या जाती पिसे अधिक उपटतात. मोठ्या मेंदूच्या जातींत निरर्थक येरझाऱ्या, डोके हलवत राहणे अशा वागण्याचे प्रमाण अधिक दिसले. ‘हा पक्षीच विक्षिप्त’ या समजुतीला इथे जागा उरत नाही. ज्या जातीची चोच अधिक कामाची, तीच जात काम नसताना अधिक मोडते. आपण म्हणतो, रिकामे डोके सैतानाचे घर. पण काकाकुवा काही स्वतःहून रिकामा राहिलेला नाही. सैतानाचा दोष त्याच्या माथी मारण्याआधी घर कोणी रिकामे केले, हे बघायला हवे. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या शोधावर आहे. आजार एकट्या पक्ष्यात नसतो, पक्षी आणि त्याचा दिवस यांच्यातल्या विसंगतीत असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो : एकाच घरात, एकाच आहारावर दोन काकाकुवे आहेत, एक उपटतो, दुसरा नाही. मग घराचा दोष कसा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. ॲमेझॉन पोपटांच्या एका वसाहतीवरच्या अभ्यासात २००६ साली दिसले, की पिसे उपटण्याच्या तीव्रतेत वंशाचा मोठा वाटा आहे. त्याच अभ्यासात पिंजरा कुठे आहे, दारापासून किती जवळ, अशा परिस्थितीच्या बाबींचाही परिणाम दिसला, आणि शेजाऱ्याचे पाहून पक्षी उपटायला शिकतो या समजाला मात्र आधार मिळाला नाही. पण आनुवंशिक म्हणजे अटळ असे नव्हे. एकाच उन्हात एक रोप सुकते, दुसरे तग धरते, म्हणून ऊन निर्दोष ठरत नाही. तग धरणाऱ्याकडे बोट दाखवून सुकणाऱ्याला दोष देणे हा कोणत्याही दुर्बलावर नेहमी होत आलेला अन्याय आहे. उलट, ज्याची सहनशक्ती कमी त्याच्यासाठी परिस्थिती आधी सुधारली पाहिजे.

दुसरा आक्षेप हृदयातून येतो, म्हणून त्याला हळुवारपणे उत्तर दिले पाहिजे. ‘आम्ही त्याच्यावर जीव टाकतो. खांद्यावर घेऊन फिरतो, आमच्या ताटातले भरवतो. त्याला प्रेमाची काय उणीव?’ उणीव प्रेमाची नाही. पण बाजारात ‘हँडफेड’ म्हणून अधिक किंमत घेणारा पक्षी डोळे उघडण्याआधी किंवा अगदी पिल्लूपणी घरट्यातून काढून नळीने भरवलेला असतो. आपली जात कोणती हे त्याला शिकवणारे कोणी नसते, म्हणून तो माणसालाच थवा मानतो आणि वयात आल्यावर जोडीदारही. काकाकुवे एकनिष्ठ जोडीने राहतात. आता त्याच्या बाजूने पाहा. हा जोडीदार रोज सकाळी दहा तासांसाठी निघून जातो, संध्याकाळी परत येऊन पाठ कुरवाळतो, पंखाखाली हात घालतो. तो स्पर्श आपल्यासाठी मायेचा असतो, त्याच्या शरीराला मात्र तो मीलनाचे निमंत्रण वाटतो. संप्रेरके चेतवली जातात, घरटे नाही, जोडी नाही, मीलन नाही, आणि ही धग पिसांवर निघते. म्हणून पशुवैद्य सांगतात, की स्पर्श फक्त डोक्यावर आणि मानेवर करा, आणि सोफ्याखालच्या, कपाटातल्या अंधाऱ्या बिळांत त्याला शिरू देऊ नका. पक्षी उपटू लागला की धावत जाऊन ओरडणे किंवा कुरवाळणे हेही प्रेमातूनच होते. पण त्यातून एवढेच शिकवले जाते, की पीस उपटले की माणूस येतो. लक्ष द्यायचे ते तो शांत बसलेला असताना, खेळत असताना. प्रेम म्हणजे समोरच्याला काय हवे ते कळणे, अशी व्याख्या मान्य असेल, तर हे प्रेम कमी करणे नव्हे, ते शिकणे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी उस्तवार कशाला, औषध द्या किंवा गळ्यात चोच अडवणारी कॉलर घाला. दोन्हींना जागा आहे. क्लोमिप्रामिन हे माणसांतल्या सक्तीच्या विकारांवरचे औषध पिसे उपटणाऱ्या काकाकुव्यांना देऊन, तुलनेसाठी काहींना निष्क्रिय मात्रा देऊन केलेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली, आणि औषध घेतलेल्यांत सुधारणा दिसली. पक्षी थोडे होते, तरी औषधाचा उपयोग नाकारता येत नाही. मांसापर्यंत जखम करणाऱ्या पक्ष्याला कॉलर आणि वेदनाशामक दोन्ही लागतील. जळत्या घरात आधी पाणी मारायचे, विजेच्या तारा नंतर तपासायच्या. पण पाणी मारून झाल्यावर तारा न तपासता घरात परत राहायला जाणे शहाणपणाचे नाही. परिस्थिती तीच ठेवून दिलेले औषध त्याच परिस्थितीत टिकून राहण्याची सोय करते, आणि औषध संपले की प्रश्न जागच्या जागी उभा. कॉलरमुळे तर पक्ष्याचे उरलेसुरले काम, पिसे साफ करणे आणि अन्न सोलणे, हेही हिरावले जाते. पुष्कळ पक्षी घाबरतात, पडतात, खाणे सोडतात. म्हणून ती पशुवैद्याच्या देखरेखीखाली, जखम भरेपर्यंतच. आणि माणसाच्या डबीतले औषध अंदाजाने देणे तर कदापि नाही.

आणखी दोन सूचना नेहमी ऐकू येतात : जोडीदार आणून द्या, नाहीतर सोडून द्या. एकटेपणा घातक आहे यात शंका नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की एकट्याने ठेवलेल्या करड्या पोपटांच्या गुणसूत्रांची टोके जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड झालेली असतात, म्हणजे एकटेपणाची झीज पेशीपर्यंत पोहोचते. तरीही दुसरा पक्षी म्हणजे औषधाची बाटली नव्हे. माणसालाच जोडीदार मानणाऱ्या काकाकुव्यापुढे अचानक मादी आणून ठेवली तर तो तिच्यावर तुटून पडू शकतो. बंदिस्त काकाकुव्यांत नराने मादीला जखमी करणे, मारून टाकणे ही पक्षीपालकांना माहीत असलेली शोकांतिका आहे. ओळख करायची तर विषाणूची तपासणी झाल्यावर, वेगळ्या पिंजऱ्यांतून, आठवड्यांच्या सवडीने. सोडून देणे तर दयेच्या नावाखालची क्रूरता आहे. मालुकूच्या पक्ष्याला सह्याद्रीत अन्न कुठले आणि शत्रू कोणता हे ठाऊक नसते. शिवाय चोच-पिसांचा विषाणू त्याच्यासोबत आपल्या रानपोपटांपर्यंत जाऊ शकतो. दार उघडले की स्वातंत्र्य मिळत नाही. बाहेर जगण्याची विद्या अंगात असेल, तरच उघड्या दाराला अर्थ आहे.

मग करायचे काय? पहिले, नोंद. महिनाभर वही ठेवावी. केव्हा उपटतो, घरात तेव्हा कोण असते, आदल्या रात्री झोप किती झाली, काय खाल्ले, नवे काय घडले. घरातली माणसे ‘दिवसभर उपटतो’ म्हणतात. वही पुष्कळदा सांगते, की तो संध्याकाळी साडेसहाला, दूरदर्शन सुरू झाल्यावर उपटतो. दुसरे, झोप. त्याला दहा-बारा तासांचा सलग अंधार आणि शांतता हवी. आपल्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवे आणि मालिका असतात, तेव्हा पिंजरा निजायच्या वेळी दुसऱ्या खोलीत नेणे हा बिनखर्चाचा उपचार आहे. तिसरे, पाणी. दमट वर्षावनातला हा पक्षी, आणि त्याच्या अंगावर सतत पांढरी भुकटी तयार होते. फर्निचरवर पूड बसते ती हीच. तिला धुऊन काढायला रोज, निदान एक दिवसाआड, सकाळी कोमट पाण्याचे फवारे हवेत. वातानुकूलित खोलीत तर हवेतच.

चौथे आणि सर्वांत मोठे, काम. आहार बियांवरून हळूहळू पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या), पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, डाळिंब यांच्याकडे वळवावा, तोही रोज वजन करत, कारण नवे न ओळखणारा पक्षी उपाशी राहू शकतो. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी आहेत, आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा टाळलेल्या बऱ्या. मग हेच अन्न लपवावे. मक्याचे कणीस पानांसकट द्यावे. दाणे कागदात गुंडाळावेत, कागद करवंटीत, करवंटी फांदीला टांगलेली. बांबूचे तुकडे, पेरूच्या औषध न मारलेल्या फांद्या, जाड पुठ्ठा, सुताराकडचे रंग-पॉलिश नसलेले मऊ लाकूड, सारे फोडायला द्यावे. सुरुवात सोपी हवी, कारण वाटीवर वाढलेल्या पक्ष्याला शोधणे म्हणजे काय हेच ठाऊक नसते. तो नव्या वस्तूला घाबरला तर ती दूर ठेवून दिवसागणिक जवळ आणावी. रोज फरशीवर चिंध्या आणि कपच्यांचा ढीग पडेल. तो ढीग बघून त्रासू नये. जो कागद फाटला तो त्याच्या छातीवरच्या पिसाऐवजी फाटला. पाचवे, निवड. शिकवणीचे छोटे पाठ, हाकेला हातावर येणे आणि नको असेल तर न येणे, पिंजऱ्यातून बाहेर पडण्याची ठरलेली वेळ. आपल्या दिवसावर आपला थोडा तरी ताबा आहे, असे जीवाला वाटले पाहिजे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे : हे सगळे केले आणि तरी पिसे आली नाहीत तर? नाही येणार कदाचित. एकाच जागेवरून वर्षानुवर्षे उपटले तर पिसाचे मूळ कायमचे मरू शकते. ब्रिटनमधल्या एका पाहणीत, जिच्यात मालकांनी स्वतःहून माहिती दिली होती, दहापैकी चार काकाकुवे पिसे उपटणारे निघाले. अशा पाहणीत त्रस्त मालक अधिक येतात हे खरे, तरी प्रश्न दुर्मीळ नाही, आणि पूर्ण बरे होण्याची हमी कोणी देऊ नये. पण इथे आपण यशाची मोजपट्टी तपासू या. पिसे आली की बरा झाला, ही पट्टी आपल्या डोळ्यांच्या सोयीची आहे. पक्ष्याच्या बाजूची पट्टी वेगळी : जखम भरली का, झोपतो का, खेळतो का, चोच दिवसाचे किती तास कामात असते, तुरा उभारून कुतूहलाने पाहतो का? उघड्या छातीचा पण कामात गढलेला पक्षी हा उपचाराचा पराभव नाही. आणि ज्या घराला एवढा वेळ देणे खरोखरच जमत नाही, त्याने पक्षी योग्य, अनुभवी पक्षीपालकाकडे देणे हाही पराभव नाही. त्याला कोपऱ्यात ठेवून डोळे मिटणे हा मात्र आहे.

जे अजून विकत घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. परदेशी काकाकुवा मात्र दुकानात मिळतो. कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून अमलात आली आणि आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा पक्ष्यांची नोंदणी बंधनकारक झाली. पण नोंदणीचा कागद पिंजरा कायदेशीर करतो, योग्य करत नाही. पांढरा काकाकुवा त्याच्या बेटांवर धोक्यात आलेली जात म्हणून नोंदला गेला आहे. चाळीस-पन्नास वर्षांचा सोबती सहाव्या मजल्यावर, दोघे नोकरी करणाऱ्या घरात आणण्याआधी आपल्या मृत्युपत्रात त्याचे नाव लिहायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर पक्ष्याला सर्वांत मोठी मदत तिथेच झाली.

मघाशी मी अखंड डोक्याची खूण सांगितली. चोच पोहोचत नाही म्हणून डोके वाचते, आणि पिसे कोणी उपटली याची साक्ष देते. त्याच डोक्याची दुसरीही साक्ष आहे. पीस नवे उगवते तेव्हा ते एका पातळ आवरणात गुंडाळलेले असते. अंगावरची आवरणे पक्षी स्वतः सोडवतो. डोक्यावरची त्याला सोडवता येत नाहीत. थव्यात ते काम जोडीदार करतो. एक मान वाकवतो, दुसरा चोचीच्या टोकाने एकेक पीस मोकळे करतो. ज्या जागेला तो इजा करू शकत नाही, तिची काळजीही तो घेऊ शकत नाही. ती कोणा दुसऱ्याच्याच हाती असते. आपण त्याला थव्यातून आणले तेव्हा ते काम आपल्याकडे आले. दिवसभराच्या कामात गढून थकलेला पक्षी संध्याकाळी आपल्यापुढे मान वाकवून उभा राहतो, तेव्हा तो मागत असतो ते एवढेच, आणि देता येईल ते तेवढे तरी आपण नीट दिले पाहिजे.